भिंत आपली, चित्र त्यांचं: छोट्या गॅलरीविषयी वाचकांचे प्रश्न

समकालीन कलेची छोटी गॅलरी सुरू करणं आणि ती टिकवणं, या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत कलेबद्दल कमी आणि भाडं, खिळे, दिवे, हिशेब यांच्याबद्दल जास्त विचारणा आहे. बरंच झालं. चित्रं वाईट होती म्हणून गॅलरी बंद पडल्याचं क्वचितच ऐकू येतं. रकमा कुठल्याही चलनात बसाव्यात म्हणून उत्तरांत चलनाचं नाव न घेता नुसते आकडे धरले आहेत.

प्रश्न: थोडी बचत आहे. सात बाय पाच मीटरचा गाळा भाड्याने मिळतोय, जागा देखणी आहे. घ्यावा का?

सही करण्याआधी एक हिशेब मांडा. भाडं, वीज, विमा, एका माणसाचा पगार, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती असा सगळा मिळून महिन्याचा पक्का खर्च १०० धरू. एक प्रदर्शन आणि त्याआधीची मांडामांड मिळून दीड महिना जातो, म्हणजे एका प्रदर्शनावर १५० चढले. वाहतूक, छपाई, भिंतीचा रंग, उद्घाटन यांचे ३० वेगळे. झाले १८०. विक्रीतला निम्मा वाटा गॅलरीचा असेल तर हे १८० भरून यायला ३६० ची विक्री हवी. चित्राची सरासरी किंमत २० असेल तर १८ चित्रं विकली गेली पाहिजेत.

आता भिंती मोजा. सात बाय पाचच्या खोलीचा घेर २४ मीटर. दार-खिडकीचे तीन मीटर वजा केले की उरले २१. मध्यम आकाराचं ९० सेंमी रुंद चित्र आणि शेजारची ६० सेंमी मोकळी जागा मिळून दीड मीटर लागतो. म्हणजे भिंतींवर १४ चित्रं बसतात, आणि तुम्हाला विकायची आहेत १८. प्रत्येक चित्र पहिल्याच दिवशी गेलं तरी तोटाच. गाळा देखणा आहे हे खरं, पण या किमतीच्या चित्रांना तो परवडत नाही.

यावर मार्ग तीनच. खर्च निम्म्यावर आणा, सरासरी किंमत जास्त असलेलं काम घ्या, किंवा भिंतीबाहेरची विक्री वाढवा: मागच्या खोलीत साठवलेली कागदावरची कामं, मर्यादित प्रतींच्या आवृत्त्या, फोटो पाठवून होणारे व्यवहार. आमचा कल पहिल्या वाटेकडे आहे. पहिलं वर्ष कायमच्या जागेशिवाय काढा. दोन-तीन प्रदर्शनं उसन्या जागेत, प्रत्येकी दहा-बारा दिवसांची, बाकी वेळ घरी भेटीची वेळ ठरवून. यात कमीपणा नाही. पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांचं काम विकणारे दानिएल-हेन्री कानवायलर यांनी १९०७ मध्ये पॅरिसमध्ये दुकान थाटलं तेव्हा खोली जेमतेम चार बाय चार मीटरची होती. पुढे अमेरिकेतले मोठे कलाविक्रेते ठरलेले लिओ कॅस्टेली यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कमधली गॅलरी राहत्या घरातच उघडली.

तरीही गाळा घ्यायचाच असेल तर बारा महिन्यांचा पक्का खर्च बाजूला असल्याशिवाय घेऊ नका. आणि रस्त्यापासून भिंतीपर्यंतच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा मोजा. दाराची मापं सगळे घेतात, जिन्याचं वळण आणि लिफ्टचा कर्ण कुणी मोजत नाही. मग दोन मीटरचं चित्र उद्घाटनाच्या आदल्या रात्री जिन्यात अडकतं.

प्रश्न: जिप्सम बोर्डच्या नव्या भिंती उभ्या केल्या. दुसऱ्याच प्रदर्शनात स्क्रू गट्टूसकट बाहेर आला, फ्रेमचा कोपरा फुटला. चूक काय झाली?

भिंत नुसत्या जिप्समची ठेवली, ही चूक. जिप्सम म्हणजे दोन कागदांमधलं चुन्यासारखं ठिसूळ पीठ. स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकलेला प्लास्टिकचा गट्टू त्यात एकदा धरतो. चित्रं दर सहा आठवड्यांनी बदलली की जुन्या भोकाशेजारी नवं भोक पडत जातं आणि वर्षभरात तो पट्टाच पोकळ होतो.

सांगाड्यावर आधी १२ मिमी प्लायवूड आणि त्यावर १२ मिमी जिप्सम, अशी भिंत हवी. उभे आधार ४० सेंमी अंतरावर. मग ३५ मिमीचा स्क्रू कुठेही मारा, तो प्लायवूडमध्ये धरतो, गट्टू लागत नाही. पैसे कमी असतील तर प्लायवूडचा पट्टा जमिनीपासून १ मीटर ते २.२ मीटर एवढ्याच उंचीत घाला, हुक बहुतेक तिथेच येतात. उरलेल्या भागात तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या द्या, नाहीतर जिप्समला पायरी पडेल. आता झालेली भिंत पाडायची नसेल तर तिच्यावरच प्लायवूड आणि जिप्समचा नवा थर चढवा. खोली दोन्ही बाजूंनी अडीच सेंमीने लहान होईल, एवढंच.

रंग पूर्ण मॅट घ्या. थोडी जरी चमक असली तरी भोक बुजवून लावलेला रंग तिरक्या प्रकाशात वेगळा दिसतो. भोक लांबीने (पुट्टीने) भरायचं, वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, आणि रंग ब्रशने न लावता छोट्या रोलरने लावायचा, कारण मूळ भिंत रोलरची आहे. रंगाच्या डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा. एकाच नावाचा पांढरा दुसऱ्या बॅचमध्ये किंचित पिवळा निघतो, आणि तो भिंतीवर वाळेपर्यंत कळत नाही.

प्रश्न: दिवे किती, कसले आणि कुठे? काचेच्या फ्रेममध्ये चित्राऐवजी पाहणाराच दिसतो.

काचेत पाहणारा दिसतो याची कारणं दोन. दिवा भिंतीपासून फार दूर असेल, किंवा समोरची भिंत नाहीतर खिडकी चित्रापेक्षा जास्त उजळ असेल. पहिल्यासाठी सूत्र आहे: दिव्याचा झोत उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून चित्राच्या मध्यावर पडावा. छताची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, गुणिले ०.५८. छत ३.३ मीटर आणि मध्य १.५ मीटर असेल तर १.८ गुणिले ०.५८, म्हणजे ट्रॅक (दिवे अडकवायची छतावरची पट्टी) भिंतीपासून साधारण १ मीटर ५ सेंमीवर. याहून जवळ घेतला तर फ्रेमची सावली चित्रावर उतरते आणि कॅनव्हासची प्रत्येक सुरकुती डोंगरासारखी दिसते. दूर नेला तर काच चमकते आणि पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली चित्रावर पडते. दुसऱ्या कारणावर उपाय एकच: खिडकीला जाड पडदा, आणि काचेतलं काम खिडकीसमोर न लावणं.

या अंतरावरून २४ अंशांच्या झोताचं वर्तुळ सुमारे ९० सेंमीचं पडतं. मध्यम चित्राला एक दिवा पुरतो, दीड मीटरच्या चित्राला दोन लागतात. एलईडी घेताना वॅट पाहण्याआधी सीआरआय पाहा, म्हणजे त्या प्रकाशात रंग कितपत खरे दिसतात हे सांगणारा आकडा. तो ९० च्या वर हवाच, ९५ मिळाला तर उत्तम. त्यात लाल रंगासाठीचा आर-नाइन हा आकडा वेगळा विचारा. तो कमी असला की तांबडा आणि त्वचेचे रंग मातकट दिसतात, आणि चित्रकार पहिल्याच दिवशी तक्रार करतो. प्रकाशाचं रंग-तापमान (तो किती पिवळसर किंवा निळसर आहे) ३००० ते ३५०० केल्विन चालेल, पण खोलीभर एकच असू द्या.

कागदावरच्या कामाला, जलरंगाला, कापडाला आणि छायाचित्रांना संग्रहालयं साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) देतात, तैलरंगाला आणि अॅक्रिलिकला २०० च्या आसपास. गॅलरीत इतकं काटेकोर राहावं लागत नाही, कारण नुकसान होतं ते प्रकाश गुणिले तास या हिशेबाने. १५० लक्स, रोज ८ तास, ३० दिवस म्हणजे ३६ हजार लक्स-तास. तेच ५० लक्समध्ये वर्षाचे ३०० दिवस टांगलेलं चित्र १ लाख २० हजार खातं. मात्र थेट उन्हात ५० हजार लक्सच्या वर प्रकाश सहज असतो. खिडकीतून तासभर ऊन पडलं की तुमचं अख्खं प्रदर्शन एका दुपारीत खर्ची पडलं. गॅलरी बंद असताना दिवेही बंद.

प्रश्न: चित्रं एका ओळीत दिसत नाहीत. वरच्या कडा जुळवल्या तर खालच्या बिघडतात.

कडा जुळवू नका, मध्य जुळवा. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेंमी, आणि एकदा ठरवलेला आकडा सगळ्या खोलीत तोच. हुकाची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक चित्राची निम्मी उंची, वजा तार ताणल्यावर तिचा वरचा बिंदू आणि फ्रेमची वरची कड यांतलं अंतर. चित्र ८० सेंमी उंच, मध्य १४८ वर, तार वरच्या कडेपासून ७ सेंमी खाली: १४८ अधिक ४० वजा ७, म्हणजे १८१ सेंमी. तार ताणूनच मोजा, सैल तारेवर घेतलेलं माप दोन-तीन सेंमीने चुकतं.

दोन हुकांवर टांगलं की चित्र आपोआप तिरकं होत नाही. डी-रिंगा (तार बांधायच्या मागच्या कड्या) फ्रेमच्या वरून एक तृतीयांशावर लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी टिकल्या चिकटवा: चित्र घसरत नाही आणि मागून हवा खेळते. पाणसळ फ्रेमवर ठेवून खात्री करा. मात्र जुन्या इमारतीत जमीनच उतरती असेल तर लेसर-रेषेपेक्षा डोळ्याला पटेल ते खरं मानावं लागतं.

प्रश्न: चित्रकार ओळखीचे, मैत्रीतले आहेत. लेखी कराराची गोष्ट काढली तर अविश्वास वाटेल. करार खरंच लागतो?

लागतो, आणि मैत्री आहे म्हणूनच लागतो. परक्या माणसाशी भांडण झालं तर पैसे जातात, मित्राशी झालं तर दोन्ही जातं. दोन पानं पुरेत. वकिली भाषेची गरज नाही, पण पुढच्या गोष्टी नावानिशी हव्यात.

कामांची यादी: शीर्षक, वर्ष, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी, मग खोली), किंमत आणि प्रत्येकाचा फोटो. काम गॅलरीकडे कधीपासून कधीपर्यंत राहील. वाटा किती: नव्या कामाच्या पहिल्या विक्रीत निम्मा-निम्मा ही जगभर रूढ पद्धत आहे, पण रूढ आहे म्हणून न लिहिता सोडू नका. चित्रकाराला पैसे किती दिवसांत मिळतील: ग्राहकाचे पैसे जमा झाल्यापासून ३० दिवस ही आमच्या मते कमाल मर्यादा. काम गॅलरीत असताना आणि वाटेत असताना विमा कुणाचा. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा. चित्रकाराने आपल्या स्टुडिओतून थेट विकलं तर काय. आणि हे वाक्य अक्षरशः असंच: पूर्ण पैसे मिळेपर्यंत कामाची मालकी चित्रकाराकडे राहील. कॉपीराइट तर विक्रीनंतरही बहुतेक देशांत चित्रकाराचाच राहतो. ग्राहकाने चित्र घेतलं म्हणून कॅलेंडरावर छापायचा हक्क घेतला असं होत नाही, हे बिलावर लिहून टाका.

भांडणं होतात ती सवलतीवरून. १०० चं चित्र, ग्राहकाला १० टक्के सूट. दोघांनी वाटून घेतली तर चित्रकार ४५, गॅलरी ४५. गॅलरीने एकटीने सोसली तर चित्रकार ५०, गॅलरी ४०. ऐकायला दहाच टक्के, पण गॅलरीच्या उत्पन्नातून वीस टक्के गेले. म्हणून लिहा: १० टक्क्यांपर्यंतची सूट निम्मी-निम्मी, त्यापुढची चित्रकाराला विचारल्याशिवाय नाही.

दुसरं दुखणं निर्मितीखर्चाचं. काशाचं शिल्प, किंमत १००, ओतकामाला लागले ३०, तेही शिल्पकाराने घातले. सरळ निम्मं केलं तर त्याच्या हाती ५०, पण खर्च जाता उरले २०, आणि गॅलरीला ५०. हे न्याय्य नाही. आधी ३० ज्याने घातले त्याला परत, मग उरलेल्या ७० चे पस्तीस-पस्तीस. फ्रेमचं तेच. ती कुणी करून घेतली, विकली न गेल्यास ती कुणाची, हे आधी ठरवा. नाहीतर प्रदर्शन उतरवताना बारा रिकाम्या फ्रेमांवरून अबोला धरलेली माणसं दिसतात.

प्रश्न: एका ग्राहकाने मोठं चित्र तीन हप्त्यांत घेतलं. पहिला हप्ता आला तेव्हा भाडं थकलेलं होतं, त्यात तो गेला. आता चित्रकार विचारतो आहे. कसं सांगू?

आजच फोन करून खरं सांगा आणि तारखा घालून देण्याचं वेळापत्रक लिहून द्या. उशीर जितका लांबेल तितकी गोष्ट इतर चित्रकारांच्या कानावर जाईल, आणि या व्यवसायात कान फार जवळजवळ असतात.

त्या हप्त्यातला निम्मा पैसा तुमचा नव्हताच. गॅलरीच्या खात्यात तो दिसत होता, एवढंच. छोट्या गॅलऱ्या बुडण्याची सुरुवात आमच्या पाहण्यात बहुतेकदा इथूनच होते: या महिन्याचं भाडं मागच्या चित्रकाराच्या वाट्यातून, त्याचे पैसे पुढच्या प्रदर्शनातून. एक प्रदर्शन पडलं की साखळी तुटते, आणि तेव्हा तीन-चार चित्रकारांचं देणं एकदम उघडं पडतं.

बँकेत दुसरं खातं उघडा. विक्रीचे पैसे आले की त्याच दिवशी चित्रकाराचा वाटा तिकडे वळवा. हप्त्याने आले तर प्रत्येक हप्त्यातला निम्मा. त्या खात्यातून फक्त चित्रकारांना पैसे जातील, वीजबिलालाही नाहीत. चित्र ग्राहकाच्या घरी जाईल ते शेवटचा हप्ता जमा झाल्यावर. ग्राहक कितीही भला असो. भिंतीवर चित्र लागलेलं असलं की तिसरा हप्ता द्यायची घाई कुणाला नसते.

कुठलं काम कुणाचं, हेही कागदावर स्पष्ट हवं. कानवायलर आपल्या चित्रकारांचं काम विकतच घेत. ते जर्मन नागरिक, त्यामुळे १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर फ्रेंच सरकारने त्यांचा सगळा साठा जप्त केला आणि १९२१ ते १९२३ या काळात तो चार लिलावांत काढला. ती वेळ वेगळी होती. पण गॅलरीवर कर्जाची जप्ती आली तर दारात उभ्या माणसाला तुमचा माल आणि चित्रकाराचा माल यांतला फरक फक्त तुमची यादी सांगू शकते. प्रत्येक कामाच्या मागे गॅलरीचा क्रमांक, आणि वहीत त्याच क्रमांकापुढे ‘चित्रकाराची मालकी’ अशी नोंद.

प्रश्न: नव्या चित्रकाराची किंमत कशी ठरवायची? चित्रकाराला प्रत्येक चित्राची वेगळी किंमत हवी आहे, आवडीनुसार.

आवडीनुसार किंमत ठेवली तर ग्राहक विचारतो, ‘हे महाग का?’ आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. एका चित्रकाराचं, एका माध्यमातलं, एका मापाचं काम एकाच किमतीला.

क्षेत्रफळावर किंमत लावण्यात एक खोच आहे. ३० बाय ४० सेंमीचं चित्र १२०० चौरस सेंमी, ६० बाय ९० चं ५४००. म्हणजे मोठं साडेचार पट महाग. लहान चित्र मग इतकं स्वस्त पडतं की फ्रेमचा खर्चही निघत नाही. त्याऐवजी उंची आणि रुंदीची बेरीज घ्या: ७० आणि १५०. फरक दोन पटीच्या किंचित वर. या बेरजेला एका ठरावीक आकड्याने गुणा. तो आकडा चित्रकार स्टुडिओतून आजवर ज्या भावाने विकत आला त्यावरून काढा, मनाने नको. नवोदिताचं काम ओळीने विकलं गेलं तर आकडा पुढच्या वर्षी १० ते १५ टक्क्यांनी वाढवा. एकदा वाढवलेला खाली आणता येत नाही, कारण आधी घेतलेल्यांना आपण फसलो असं वाटतं. स्टुडिओतली किंमत आणि गॅलरीतली किंमत एकच हवी, यावर मात्र तडजोड नाही.

प्रश्न: अॅक्रिलिक चित्र बबल रॅपमध्ये बांधून पाठवलं. पोहोचलं तेव्हा सगळ्या पृष्ठभागावर गोल-गोल ठसे. आता काय?

ठसे हलके असतील तर चित्र सपाट, सावलीत, मोकळ्या हवेत काही दिवस ठेवून पाहा. काही वेळा उतरतात. खोल असतील तर चित्रकाराला किंवा संवर्धकालाच हात लावू द्या. केसांचा ड्रायर, ओला बोळा यांच्या वाटेला जाऊ नका.

अॅक्रिलिक वाळलं तरी प्लास्टिकच. उष्णतेने मऊ पडतं आणि मऊ पडलं की जे टेकेल त्याचा साचा घेतं. बंद ट्रकमध्ये ती उष्णता सहज मिळते. तैलरंगही वरून कोरडा वाटला तरी आतून पक्का व्हायला महिने घेतो. म्हणून अशा पृष्ठभागाला काहीच टेकू द्यायचं नाही. चित्रापेक्षा चार-पाच सेंमी खोल अशी लाकडी पट्ट्यांची चौकट करा, चित्र मागून स्ट्रेचरला (कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीला) पट्टी आणि स्क्रू लावून तिच्यात धरून ठेवा, आणि प्लास्टिक त्या चौकटीवरून गुंडाळा, म्हणजे ते अधांतरी राहील. बबल रॅप त्याच्या बाहेर, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. सपाट बाजू आत. कोपऱ्यांना फोम, मग खोका किंवा पेटी, आणि चित्र व पेटी यांमध्ये चहूबाजूंनी ५ सेंमी फोम.

काच असलेल्या फ्रेमवर काचेला मास्किंग टेपच्या पट्ट्या मारा, फुटली तर तुकडे चित्रावर नाचत नाहीत. काचेऐवजी अॅक्रिलिकची पारदर्शक शीट असेल किंवा चमकरोधी लेप दिलेली काच असेल तर टेप अजिबात नको, लेप निघतो. थंड ट्रकमधून उबदार खोलीत आलेली पेटी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर आत दव धरतं. आणि बांधण्याआधी व उघडल्यावर, दोन्ही वेळा कोपऱ्यांसह फोटो. विमा कंपनी सगळ्यात आधी ते मागते, आणि ‘अपुरं पॅकिंग’ हे दावा फेटाळण्याचं तिचं आवडतं कारण असतं.

प्रश्न: छायाचित्राच्या किती प्रती काढाव्यात?

किती त्यापेक्षा आधी जाहीर केल्यात का, हे महत्त्वाचं. पाच प्रती आणि चित्रकाराच्या स्वतःच्या दोन, असं ठरलं तर ते प्रमाणपत्रावर लिहा, आणि सहावी कधीही काढू नका. दुसऱ्या आकारात काढायची असेल तर तेही पहिल्या दिवशीच सांगा. पहिल्या दोन प्रती १०० ला, पुढच्या दोन १३० ला, शेवटची १८० ला, अशी चढती किंमत ठेवता येते. कोणती प्रत कुणाकडे गेली याची वही गॅलरीने ठेवायची, चित्रकाराच्या आठवणीवर सोडायची नाही.

व्हिडिओचंही गणित हेच. फक्त सोबत मूळ फाइल, दाखवण्यासाठीची हलकी प्रत, आणि पडद्याचा आकार, आवाज, अंधार यांच्या सूचनांचा एक कागद जातो.

प्रश्न: एकाच चित्रासाठी दोन ग्राहक हटून बसले. दोघांनाही ‘ठेवतो’ म्हणून बसलो होतो.

‘ठेवतो’ या शब्दाला तास जोडा. ४८ तास राखीव, आणि नाव-वेळ वहीत. दुसऱ्याला सांगायचं, ‘पहिला हक्क आधी आलेल्यांचा आहे, तुमचा दुसरा.’ दुसऱ्याने लगेच पैसे द्यायची तयारी दाखवली तर पहिल्याला फोन करून काही तासांची मुदत द्या. चित्राशेजारी राखीवसाठी अर्धी लाल टिकली, विक्रीसाठी पूर्ण. पैसे न येता पूर्ण टिकली लावू नका, आणि गर्दी दिसावी म्हणून खोट्या टिकल्या तर मुळीच नकोत. नेहमी येणारे लोक त्या ओळखतात.

आता या दोघांपैकी ज्याला आधी शब्द दिला त्याला चित्र द्या. दुसऱ्याला पुढच्या प्रदर्शनाची चित्रं इतरांआधी दोन दिवस दाखवा.

प्रश्न: दोन वर्षं झाली, सात चित्रकार आहेत, बरं चाललंय. आता आर्ट फेअरला जावं म्हणते. आणि नवे चित्रकार कुठून शोधू?

फेअरचा, म्हणजे अनेक गॅलऱ्यांचे स्टॉल असलेल्या कलाबाजाराचा, हिशेब गाळ्यासारखाच मांडा. स्टॉलचं भाडं, जादा भिंती आणि दिवे, वाहतूक, दोघांचा प्रवास-मुक्काम, विमा मिळून २२० धरू, म्हणजे वरच्या गाळ्याच्या हिशेबाने दोन महिन्यांहून थोडा जास्त पक्का खर्च. स्टॉलच्या दहा मीटर भिंतीवर सात चित्रं नीट दिसतात. फेअरमध्ये सूट मागितली जातेच, तेव्हा किमतीच्या ४५ टक्के हाती येतील. सातही विकली गेली असं धरलं तरी प्रत्येकाची किंमत ७० च्या आसपास हवी. २० च्या चित्रांनी जाल तर २५ विकावी लागतील. आपल्या सातांपैकी एका-दोघांच्या किमती तिथवर पोहोचल्या असतील तर त्यांनाच घेऊन जा. सगळ्या सातांचं एक-एक नेण्याचा मोह होतो, कुणी नाराज होऊ नये म्हणून. तसा स्टॉल कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फेअरची खरी कमाई कधीकधी नंतरच्या महिन्यांत येते, पण तिच्यावर भरवसा ठेवून कर्ज काढू नका. तिथे भेटलेल्या प्रत्येकाचं नाव, कुठल्या चित्रासमोर थांबले, काय विचारलं, हे त्याच संध्याकाळी लिहा. आठवड्याच्या आत त्याच चित्राचा फोटो, माप, किंमत पाठवा. ‘आमच्या गॅलरीला अवश्य भेट द्या’ असा सगळ्यांना एकच मजकूर गेला की तो न वाचता पुसला जातो.

सातांवरून बारांवर जायची घाई नको. वर्षात सहा प्रदर्शनं धरली तर सात जणांना एकल प्रदर्शनासाठी साधारण सव्वा वर्षाने पाळी येते. बारा झाले की दोन वर्षांनी. पाळी लांबली की चित्रकार दुसरं दार शोधतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

नवे चित्रकार शोधायला मेलवर आलेल्या फायलींपेक्षा तुमच्या चित्रकारांना विचारा. कुणाचं काम पाहून त्यांना धास्ती वाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. १९५७ मध्ये कॅस्टेली अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राऊशेनबर्ग यांचं काम पाहायला गेले आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या जॅस्पर जॉन्स यांची चित्रं त्यांना दिसली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, जॉन्स यांचं पहिलं एकल प्रदर्शन त्यांनी भरवलं, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यातली तीन चित्रं घेतली. एखाद्या स्टुडिओत गेलात की शेजारच्या दारावरही टकटक करा. मात्र पहिल्या भेटीत होकार देऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा जा आणि मधल्या काळात काम पुढे सरकलंय का ते पाहा. तोवर एखाद्या समूह प्रदर्शनात त्यांची दोन चित्रं लावा: पॅकिंग वेळेवर येतं का, मापं बरोबर असतात का, फोनला उत्तर मिळतं का, हे दोन चित्रांतच कळतं.

प्रश्न: साठ्याच्या खोलीत एका कोपऱ्याला ओल आहे. चित्रं दुसरीकडे हलवावी लागतील का?

हो, आजच. ओल दुरुस्त होईपर्यंत त्या भिंतीपासून निदान एक मीटर दूर, आणि जमिनीपासून १० सेंमी उंच फळीवर, उभी, समोरासमोर तोंड करून, मध्ये पुठ्ठा घालून. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. दमटपणा मोजणारं छोटं यंत्र खोलीत ठेवा. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दिवसभरात वरखाली होऊ नये. रात्री वातानुकूलन यंत्रणा बंद करून सकाळी जोरात लावली की कॅनव्हास ढिला पडतो, ताणला जातो, पुन्हा ढिला पडतो, आणि रंगाला कोपऱ्यातून बारीक तडे जायला लागतात. कागदावरची कामं सगळ्यात आधी हलवा.